पप्पांच्या एस्टीमला टर्बो बसवू का?

पत्र : काका, मी २३ वर्षांचा. डिप्लोमा मेकॅनिकल करून शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामाला आहे. घरी पप्पांची २००३ची मारुती एस्टीम व्हीएक्सआय आहे, त्यांनी नवीनच घेतलेली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते गाडी चालवत नाहीत, किल्ली माझ्याकडं दिलीय. गेल्या महिन्यात रात्री बायपासला मित्राच्या नव्या टर्बो पेट्रोल गाडीबरोबर लावली आणि चांगल्या तीन गाड्यांच्या अंतरानं हरलो. ते डोक्यातून जात नाही. दीड लाख साठवलेत. एक जण म्हणतो टर्बो बसव, दुसरा म्हणतो इंजिनच बदलून टाक, तिसऱ्यानं नायट्रसची बाटली दाखवली. गाडी रोज कामाला न्यायची आहे, रस्त्यावर दबायचं नाही, आणि एकदा तरी खऱ्या ड्रॅगमध्ये, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतीत, पळवायची आहे. सुरुवात कुठून करू? घरी यातलं काही बोललो नाही. – नाव छापू नका, कोल्हापूर

उत्तर : तीन उत्तरं आधीच देऊन टाकतो. टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, नको. इंजिन बदलायचं आत्ता मनातही आणू नकोस. आणि नायट्रसची, म्हणजे इंजिनाला जादा ऑक्सिजन देणाऱ्या वायूची, बाटली दाखवणाऱ्यापासून चार हात लांब राहा. का, ते पुढे सांगतो. पण तू विचारलंस त्यापेक्षा वेगळ्या ठिकाणापासून सुरुवात करावी लागेल, तेवढा धीर धर.

तुझ्या हातात काय आहे ते आधी नीट कळू दे. एस्टीम १९९४ साली आली तेव्हा तिच्यात कार्ब्युरेटरचं १.३ लिटर इंजिन होतं, ६५ अश्वशक्तीचं. पुढे सोळा व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारायची पद्धत) आलं आणि त्याच १,२९८ सीसीतून ६,००० आरपीएमला ८५ अश्वशक्ती मिळू लागली. गाडीचं वजन नऊशे किलोच्या आत. आज ज्या गाड्यांना आपण लहान म्हणतो त्यातल्या बऱ्याच हिच्यापेक्षा जड आहेत. म्हणून तर आपल्याकडच्या रॅलीत आणि ट्रॅकवर एस्टीम इतकी वर्षं टिकली. हेच जी-१३ कुळातलं इंजिन जिप्सी किंगमध्ये होतं, २००५च्या पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्ये होतं. कोइंबतूरच्या कारी स्पीडवेवर एलजीबी फॉर्म्युला ४ नावाच्या ज्या एकआसनी गाड्या पळतात, त्याही स्विफ्टच्या या १.३वरच. एस्टीम २००७ला बंद झाली तरी इंजिनाचे पार्ट मिळतात ते या भावंडांमुळे. तू चुकीची गाडी धरून बसलेला नाहीस.

आता मला सांग, ८५ हा आकडा नव्या गाडीचा. तुझ्या गाडीत आज किती शिल्लक आहे? तुला माहीत नाही, टर्बो सांगणाऱ्यालाही माहीत नाही. मी सांगलीत गॅरेज चालवलं, बरीच वर्षं रॅलीच्या गाड्यांची सर्व्हिस केली. वीस वर्षं रोजच्या वापरात असलेल्या इंजिनाने दहा-बारा घोडे कुठे ना कुठे सोडलेले असतात, हा माझा अनुभव आहे. थोडे पिस्टनच्या रिंगांमधून, थोडे व्हॉल्व्हच्या सीटवरून, थोडे तुंबलेल्या इंजेक्टरमधून, थोडे जड झालेल्या ब्रेकमधून. गाडी न्यूट्रल करून सपाट जागेवर एका हाताने ढकलून बघ. ढकलताना अडखळली तर कॅलिपर धरतोय किंवा मागचे ड्रम घासतायत, आणि तू हँडब्रेक अर्धा ओढून शर्यत लावलीस असं समज.

पहिला खर्च म्हणून कॉम्प्रेशन टेस्ट कर, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोज. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, फ्युएल पंपाचा आणि इग्निशनचा फ्यूज काढलेला, ॲक्सलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी फुल चार्ज. एवढं सगळं पाळलं नाही तर आकडा खोटा येतो. या इंजिनाचा नवा आकडा साधारण १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो, १२च्या खाली गेलं तर उघडायची वेळ आली, आणि कुठल्याही दोन सिलिंडरमध्ये एका किलोपेक्षा जास्त फरक नको. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून ५७० मीटरच्या आसपास आहे, इथे हवाच सहा टक्के विरळ, तेव्हा गेज थोडं कमी दाखवेल. १३ दिसले तर घाबरू नकोस. एखादा सिलिंडर कमी भरला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघ. आकडा वर चढला तर दोष रिंगांचा, चढला नाही तर व्हॉल्व्हचा. याच चाचणीवर ठरेल की तुझे दीड लाख कुठे जाणार.

याच्याबरोबरीने रबर बघ. रबराकडे कुणाचंच लक्ष जात नाही, आणि जुन्या गाडीचे निम्मे दोष तिथेच असतात. इंजिनाचं माउंटिंग खचलेलं असेल तर क्लच सोडताच सगळं इंजिन मागे झुकतं, चाक उड्या मारतं आणि तुझी सुरुवात तिथेच वाया जाते. लोअर आर्मचे बुश गेलेले असतील तर जोर दिल्यावर गाडी एका बाजूला ओढते. टायमिंग बेल्ट बदलून पाच वर्षं झाली असतील किंवा कधी बदलला ते घरात कुणाला आठवत नसेल, तर विचारत बसू नकोस, बदल. पेट्रोलच्या नळ्याही सगळ्या बदल, कारण आता पंपावर ई-२० मिळतं. वीस टक्के इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं, आणि गरम इंजिनावर पेट्रोलची गळती म्हणजे आग.

ई-२०ची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे आणि तुझ्यासारख्या जोरात चालवणाऱ्याने ती समजून घ्यायलाच हवी. साध्या पेट्रोलला एक किलो जळायला १४.७ किलो हवा लागते, ई-२०ला सुमारे साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. आरामात चालवताना ऑक्सिजन सेन्सर बघतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आपोआप भर घालतो. पण तू ॲक्सलरेटर तळाला टेकवलास की ईसीयू सेन्सरचं ऐकणं बंद करतो आणि कारखान्यात भरलेल्या तक्त्याप्रमाणे इंधन सोडतो. तो तक्ता २००३च्या पेट्रोलसाठी लिहिलेला आहे. त्यामुळे फुल थ्रॉटलला, नेमकं जिथे इंजिनावर सगळ्यात जास्त ताण असतो तिथे, मिश्रण कोरडं पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. त्यावर आणखी हवा आत घेणारा फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर बसवलास तर ते अजून कोरडं होईल. म्हणून मी म्हणतो, कुठलाही परफॉर्मन्स पार्ट घेण्याआधी वाइडबँड सेन्सर (पेट्रोलमागे हवा किती ते दाखवणारा) आणि त्याचं मीटर घे. फुल थ्रॉटलला पेट्रोलच्या स्केलवर साडेबारा ते तेराच्या मध्ये आकडा दिसला पाहिजे. इंधन ई-२० असलं तरी मीटर याच स्केलवर वाचायचं, कारण सेन्सर मुळात उरलेला ऑक्सिजन मोजतो, इंधनाचं नाव त्याला कळत नाही.

आता तुझ्या हरण्याचं गणित करू. ड्रॅग म्हणजे पाव मैल, ४०२ मीटर, उभ्या जागेवरून. गाडीला लागणारा वेळ हा वजन भागिले ताकद या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. ड्रॅगवाले हा ठोकताळा कित्येक दशकं वापरतात आणि तो बऱ्यापैकी बरोबर येतो. तुझ्यासकट गाडीचं वजन ९५० किलो धर आणि चाकावर पोचणारी ताकद ७० धर. वेळ येतो साधारण १८ सेकंद. हा १७ करायचा तर ताकद १९ टक्के वाढवावी लागेल, म्हणजे चाकावर ८३. मन लावून केलं तर हे टर्बोशिवाय होण्यासारखं आहे. पण १५ करायचा तर ताकद ७३ टक्के वाढवावी लागेल. १५ सेकंदाला पोचायचं म्हणजे तुझ्या गिअरबॉक्सने, ॲक्सलने, क्लचने आणि हेड गॅसकेटने जवळजवळ पावणेदोन पट भार सोसायचा. ते त्यासाठी बनवलेलेच नाहीत.

टर्बोला माझा नकार यासाठी आहे. टर्बोची किंमत म्हणजे नुसत्या टर्बोची किंमत नव्हे. त्याच्यामागे मोठे इंजेक्टर, पंप, इंटरकूलर, नवीन ईसीयू, त्याचं ट्यूनिंग, कमी कॉम्प्रेशनचे फोर्ज्ड पिस्टन, तगडा क्लच हे सगळं ओढून येतं. दीड लाखात यातलं अर्धंच बसतं, आणि अर्धा बसवलेला टर्बो काही आठवड्यांत पिस्टन वितळवतो. नायट्रसचंही तेच, फक्त तिथे आठवडे लागत नाहीत, एक धाव पुरते. इंजिन बदलायचं तर आरटीओची आधी परवानगी आणि आरसीवर नवा नंबर चढवणं आलं, नाहीतर रोज कामाला नेणारी गाडी रोजच बेकायदा.

त्याच सूत्राची दुसरी बाजू बघ, तिथे तुझा फायदा आहे. वजन आठ टक्के उतरवलं, म्हणजे ७५ किलो, तर वेळ अर्ध्या सेकंदाने कमी होतो. एकही बोल्ट इंजिनाचा न सोडता. धावण्याच्या दिवशी स्टेपनी, जॅक, मागची सीट, डिकीतला स्पीकरचा डबा, मॅट सगळं काढून ठेवायचं, टाकीत आठ लिटरच पेट्रोल. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं, चाळीस लिटरची टाकी भरून पळणं म्हणजे मांडीवर पोरगं बसवून पळणं. संध्याकाळी घरी येताना सगळं परत बसव. दाराच्या आतले लोखंडी बार, सीटबेल्ट, पुढचा बंपर मात्र हलवायचा नाही. एसी काढू नकोस, धाव घेताना बंद ठेवला की झालं, पप्पांना दवाखान्यात न्यायचं तेव्हा तो लागेल.

आणि आता जिथे तू खरा हरलास ती जागा. पैज लावून सांगतो, तुझी तीन गाड्यांपैकी निदान एक गाडी पहिल्या वीस मीटरमध्ये गेली. ड्रॅगमध्ये पहिले ६० फूट, म्हणजे १८ मीटर, वेगळे मोजतात ते उगीच नाही. तिथे वाचवलेला एक दशांश सेकंद शेवटी दीड-दोन दशांश होऊन मिळतो. तुझी गाडी पुढच्या चाकांवर चालते. क्लच सोडलास की वजन मागे सरकतं, पुढचं टोक उचलतं आणि ज्या चाकांनी ओढायचं त्यांच्यावरचाच भार कमी होतो. चाकं जागेवर फिरतात, आवाज मोठा होतो, बघणाऱ्यांना वाटतं काय ताकद आहे, आणि गाडी तिथेच असते.

याला उपाय टायरपासून सुरू होतो. तुझ्या टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतील, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुना टायर असेल तर खोल नक्षी दिसत असली तरी रबर लाकूड झालेलं असतं. नवे घे, चांगल्या कंपनीचे, मऊ रबराचे. १७५/७० आर १३ किंवा १८५/६० आर १४, दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखा, ५७५ आणि ५७८ मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटर आणि गिअरिंग बिघडत नाही. पंधरा-सोळा इंची जड अलॉयच्या मोहात पडू नकोस. फिरणारं वजन गाडीला दोनदा ओढावं लागतं, एकदा पुढे न्यायला आणि एकदा फिरवायला. ड्रॅगच्या दिवशी पुढे २६ ते २८ पीएसआय, मागे ३६. मागचे शॉक नवे आणि थोडे कडक, म्हणजे गाडी मागे बसणार नाही. आणि क्लच आपटायचा नाही. अडीच ते तीन हजार आरपीएम धरून, टायर जिथे किंचित कुरकुरतो तिथपर्यंत सोडायचा आणि तिथेच धरून ठेवायचा. हे हाताला बसायला शंभर वेळा करावं लागतं, दीड लाखात विकत मिळत नाही. गिअर ६,०००च्या जरा पुढे टाक, ६,५००च्या पलीकडे या इंजिनात फक्त आवाज आहे.

ताकदीचं काम यानंतर. कॉम्प्रेशन चांगलं आलं तर हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, काढून काम कर, आणि तू कोल्हापुरात आहेस हे तुझं नशीब. शिवाजी उद्यमनगरात ज्यांची तिसरी पिढी लेथवर उभी आहे असे लोक आहेत. ऑइल इंजिनं ओतणाऱ्या आणि घासणाऱ्या त्या गल्ल्यांत हेड फेसिंग आणि सीट कटिंग डोळे मिटून करतील, पण तू डोळे मिटू नकोस. व्हॉल्व्ह सीटला तीन कोनांचा कट सांग, गाइड नवे, सील नवे. पोर्टमध्ये, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या वाटेत, ओतकामाचे जे खडबडीत कंगोरे राहिलेले असतात ते आणि गॅसकेटपाशी जी पायरी असते ती सारखी करून घे, बस. पोर्ट मोठं करू नको म्हणून बजावून सांग. मोठं पोर्ट म्हणजे जास्त ताकद असं सगळ्यांना वाटतं. पण हवेचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला गाडी मेलेली लागते. फेसिंगमध्ये किती धातू उतरवला ते मोजून लिहून घे. तू फाउंड्रीत आहेस, ॲल्युमिनियमचं हेड गरम झाल्यावर कसं वाकतं हे मी तुला शिकवायला नको. त्याच हिशेबाने रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पंख्याचा स्विचही या फेरीत उरकून घे.

चार-दोन-एक पद्धतीचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे चार सिलिंडरचा धूर दोन आणि मग एका नळीत नेणारा पाइप, या इंजिनाला मानवतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र राहू दे. चांगल्या स्थितीतला कॅट तुझ्या ताकदीचा नाव घेण्यासारखा भाग खात नाही. तो काढलास तर पीयूसी जाईल आणि मागच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाची झोप जाईल. आवाज म्हणजे वेग नव्हे. बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर तर मुळीच नको. इंजिनाच्या बाजूची तापलेली हवा आत ओढली की दर दहा अंशांमागे तीन टक्के ताकद जाते. कंपनीचा डबा ठेव, त्याला हेडलाइटमागून गार हवेची नळी दे आणि फिल्टर स्वच्छ ठेव. हे सगळं झाल्यावर वाइडबँड बघून छोट्या पिगीबॅकने (मूळ ईसीयूला जोडायच्या डब्याने) इंधन लावून घे. इतक्यावर चाकावरचे ८० आले तर मी समाधानी असेन, आणि तूही हो.

पैशांची वाटणी विचारशील तर माझं मन असं आहे की पहिले पन्नास हजार ब्रेक, टायर, सस्पेन्शन आणि रबर यांत जावेत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, दोन वर्षांत बदलायचं असतं, आणि वीस वर्षांच्या ब्रेकच्या रबरी नळ्या ब्रेक मारल्यावर फुगतात. तुझी गाडी ४०२ मीटरच्या टोकाला १२० किलोमीटरच्या आसपास असेल. ६०च्या मानाने १२०ला थांबवायची ऊर्जा चौपट असते, दुप्पट नाही. आणि गाडी लिफ्टवर घेऊन पत्रा बघ. पुढच्या शॉकचे टॉवर, जॅक लावायची जागा, ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर. स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. आत गेला तर दुसरं सगळं थांबव आणि आधी वेल्डिंग.

आता बायपासचं. यावर मी लांबण लावणार आहे आणि तू वाचणार आहेस.

१२०च्या वेगात सेकंदाला ३३ मीटर जातात. दिसलं, कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद. त्यानंतर चांगल्या टायरवर, कोरड्या डांबरावर थांबायला ७० मीटर. म्हणजे शंभराच्या वर. डिपरचा उजेड पन्नास-साठ मीटर पडतो. तू जे बघतोयस त्याच्या आत थांबूच शकत नाहीस. आणि आपल्याकडे ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत रात्रीच्या रस्त्यावर काय असतं ते तुला ठाऊक आहे. दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टरवर पाचट लोंबतंय. पुढे बैलगाड्यांची रांग, गाडीवान उसाच्या मोळीवर झोपलेला.

आमच्यातला एक जण होता, माझ्यापेक्षा खूप चांगला चालवायचा. १९९७च्या हंगामात मिरजेच्या पुढे, रात्री साडेअकराला, अशाच लावलेल्या शर्यतीत तो ट्रॉलीखाली गेला. तो वाचला. शेजारच्या सीटवर त्याचा धाकटा भाऊ होता, बारावीतला. त्या गाडीचं इंजिन मी बांधलं होतं. ते अप्रतिम झालं होतं आणि मी ते सगळ्यांना सांगत फिरलो होतो. त्यानंतर रस्त्यावर शर्यत लावणाऱ्या एकाही माणसाच्या गाडीला मी हात लावलेला नाही. तुला हे सगळं लिहितोय ते तू रस्त्यावरची शर्यत सोडशील या अटीवर लिहितोय. ही अट मोडायची असेल तर वरचं काहीही करू नकोस, गाडी आहे तशी राहू दे.

कायदाही माहीत असू दे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९, परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी : पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलास तर वर्षापर्यंत कैद किंवा १०,०००पर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम ५२ सांगतं की आरसीवर लिहिलेल्या तपशिलांपासून गाडी बदलायची नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये ते ठामपणे उचलून धरलं. २०१९च्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, त्यात मालकाला बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. मालक म्हणून आरसीवर नाव कुणाचं आहे? पप्पांचं. विम्याच्या पॉलिसीतही लिहिलेलं असतं की शर्यत आणि वेगाची चाचणी यासाठी संरक्षण नाही. ते ड्रॅग स्ट्रिपवरही लागू होतं, तेव्हा तिथे मोडलं तर तुझ्या खिशातून. मी सांगितलेल्या कामांपैकी टायर, ब्रेक, बुश, हेडची दुरुस्ती यात गाडीची ओळख बदलत नाही. एक्स्ट्रॅक्टर आणि पिगीबॅकआधी तुझ्या आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घे. ते नाही म्हणाले तर या दोन गोष्टी सोडून दे, अर्धा सेकंद तुला इतर कामांतूनच मिळणार आहे.

ड्रॅग हा खेळच रस्त्यावरून उठून धावपट्टीवर गेला म्हणून जगला. अमेरिकेत १९५० साली कॅलिफोर्नियातल्या सांता ॲनाच्या विमानतळावर पहिली नियमित स्ट्रिप सुरू झाली, पुढच्याच वर्षी वॉली पार्क्सने एनएचआरए ही ड्रॅगवाल्यांची संघटना स्थापन केली, आणि हेतू हाच की पोरं रस्त्यावरून हटावीत. आपल्याकडेही मद्रासजवळच्या शोलावरमला शर्यती व्हायच्या त्या दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवरच. तुझ्यासाठी जवळची गोष्ट म्हणजे लोणावळ्याच्या पुढे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती झाल्या आहेत. पुढची कधी आहे याची चौकशी ठेव, आणि ती एफएमएससीआय या देशातल्या मोटार शर्यतींच्या संघटनेच्या मान्यतेने आहे ना हे बघून मगच पैसे भर. तिथे हेल्मेट लागतं, गाडीची तपासणी होते, डॉक्टर आणि अग्निशमन उभे असतात, पुढे थांबायला मोकळी जागा असते. इंजिनाच्या आकाराप्रमाणे वर्ग असतात, त्यामुळे तुझी १.३ ही १.३च्या आसपासच्या गाड्यांशीच भिडते. तुझ्या मित्राशी भिडायचं कारणच उरत नाही.

तिथे एक गोष्ट तुला वेगळी दिसेल. दिवा हिरवा झाल्यापासून तू हलेपर्यंतचा वेळ तुझ्या धावेच्या वेळेत धरत नाहीत, तो वेगळा छापून येतो, पण जो आधी रेषा ओलांडतो तोच जिंकतो. चांगला डोळा आणि शांत पाय असलेला माणूस किंचित हळू गाडी घेऊन जिंकताना मी पाहिलेला आहे. त्याची तयारी तू आजपासून करू शकतोस, फुकट.

केबिनमध्ये रोल केज, म्हणजे पाइपांचा पिंजरा, बसवायचा सल्ला कुणी दिला तर रोजच्या गाडीत घेऊ नकोस. हेल्मेट नसताना तो पाइप डोक्याच्या दोन बोटांवर असतो आणि साध्या धडकेतही कवटी फोडतो. वीस वर्षांचा सीटबेल्ट मात्र बदल. झटका देऊन ओढला आणि अडकला नाही, तर तो नुसता पट्टा आहे.

राहिलं घरचं. पत्रात तू ते शेवटच्या ओळीत एका वाक्यात लिहिलंस. गाडी पप्पांनी नवीन घेतलेली आहे. ज्या माणसाने ती दोन दशकं जपली त्याला टायमिंग बेल्ट कधी बदलला, हेड कधी उघडलं, कुठल्या घाटात ती तापली हे सगळं पाठ असेल. तो इतिहास तुला कुठल्याही गॅरेजात मिळणार नाही. कॉम्प्रेशन टेस्टच्या दिवशी त्यांना खुर्ची देऊन शेजारी बसव. बायपासचंही सांग. ओरडतील, ओरडू दे. मग ॲम्बी व्हॅलीचं सांग आणि कधीतरी त्यांना घेऊन जा, धावपट्टीच्या कडेला चालत जायला लागतं तेवढं त्यांचा गुडघा सोसेल का ते आधी विचार.

या रविवारी टेस्ट कर. चारही सिलिंडरचे आकडे क्रमाने लिही, ज्याचा कमी आला त्याचा ऑइल टाकल्यावरचा आकडाही लिही. सोबत चारही टायरवरचे ते चार-चार आकडे, आणि स्क्रूड्रायव्हर कुठे आत गेला ते. एवढं मला पाठव. हेड काढायचं की नाही ते त्यावर ठरवू.